लिव्हर बिघडतंय हे कसं ओळखायचं? डोळे, लघवी, पोट आणि झोप काय सांगतात

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात प्रोफेसर कॉलनी चौकातून गुलमोहर रोडला किंवा पाइपलाइन रोडला लागलं की दवाखाने, लॅब आणि मेडिकलच्या पाट्या दिसत राहतात. 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजेस आता घरोघरी पोहोचली आहेत. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. मग तो फॅमिली ग्रुपवर जातो आणि कुणीतरी विचारतं, "एसजीपीटी जरा वाढलंय, काय होतं त्याने?"

उत्तरंही लगेच येतात. ऊसाचा रस प्या. गुळवेल सुरू करा. अमुक गावात काविळीची माळ घालतात, तिथे जाऊन या. काही नाही, उष्णता वाढली असेल.

या उत्तरांमध्ये वेळ जातो, आणि यकृताच्या आजारात वेळेलाच सगळ्यात जास्त किंमत आहे. सुरुवातीला पकडला तर यकृताचा बिघाड बऱ्याचदा पूर्ण भरून येतो. उशीर झाला तर प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून यकृत कोणत्या खुणा करतं आणि त्यातली कोणती खूण किती गंभीर, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

यकृत दुखत का नाही?

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरतं. अन्नातली साखर साठवणं, चरबी पचवायला लागणारं पित्त तयार करणं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, औषधं आणि दारू यांचं विघटन करणं, आतड्यातून येणारा अमोनिया निकामी करणं अशी कितीतरी कामं ते एकाच वेळी करत असतं.

एवढा मोठा कारखाना बिघडू लागला तर कळायला हवं. पण यकृताच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाहीत. दुखतं ते त्याच्यावरचं पातळ आवरण ताणलं गेल्यावर. शिवाय यकृताकडे राखीव क्षमता भरपूर असते. बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो आणि माणूस आपल्या उद्योगात मग्न असतो.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण अमिताभ बच्चन यांचं आहे. १९८२ मध्ये 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात ते गंभीर जखमी झाले. त्यांना अनेक रक्तदात्यांचं रक्त द्यावं लागलं आणि त्यातून हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरला. पुढची सुमारे अठरा वर्षं ते काम करत राहिले. २००० च्या सुमारास नेहमीच्या तपासणीत यकृताचा जवळपास ७५ टक्के भाग निकामी झाल्याचं कळलं, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. उरलेल्या २५ टक्क्यांवर त्यांचं आयुष्य सुरू आहे. २०१७ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेचे आग्नेय आशियासाठीचे हिपॅटायटिसविषयक सदिच्छादूत झाले.

या उदाहरणातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे आजार लक्षणांमुळे नाही, तपासणीमुळे सापडला.

पहिल्या खुणा: ज्यांना कुणी भाव देत नाही

सुरुवातीची लक्षणं इतकी साधी असतात की त्यांना आजार म्हणावंसं वाटत नाही.

- पुरेशी झोप होऊनही दिवसभर थकवा
- भूक मंदावणं, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं
- मळमळ, विशेषतः सकाळी
- उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा सौम्य दुखणं
- काही न करता वजन उतरणं

यातलं प्रत्येक लक्षण इतर दहा कारणांनीही होतं. त्यामुळे एका दिवसाच्या थकव्याने घाबरण्याचं कारण नाही. पण दोन-तीन लक्षणं एकत्र आली, ती दोन-तीन आठवडे टिकली आणि त्या माणसाला मधुमेह, वाढलेलं पोट किंवा दारूची सवय असेल, तर 'पित्त झालंय' म्हणून अँटासिड घेत राहणं योग्य नाही. रक्त तपासून घेणं योग्य.

कावीळ: डोळे, लघवी, शौच आणि खाज

कावीळ हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्या की बिलीरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडतं. हे काम अडलं की बिलीरुबिन रक्तात साठतं. रक्तातलं प्रमाण साधारणपणे १.२ पर्यंत सामान्य धरतात. ते अडीच-तीनच्या वर गेलं की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो.

पिवळेपणा पाहायचा तो डोळ्याच्या पांढऱ्या भागात आणि दिवसाच्या उजेडात. माणसाला खिडकीजवळ किंवा अंगणात उभं करा, वरची पापणी किंचित उचला आणि त्याला खाली बघायला सांगा. रात्री पिवळ्या बल्बखाली पाहिलं तर फसगत होते.

लघवीचं तसंच आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवी पिवळी होते आणि दोन-तीन ग्लास पाणी प्यायल्यावर काही तासांत फिकी होते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही ती चमकदार पिवळी दिसते. पण भरपूर पाणी पिऊनही लघवी बिनदुधाच्या चहासारखी गडद राहत असेल, तर तिच्यात बिलीरुबिन उतरत असण्याची शक्यता मोठी असते. अनेकदा डोळे पिवळे होण्याआधी लघवीचा रंग बदलतो.

शौचाचा रंग त्याहून कमी लोक पाहतात. शौचाला नेहमीचा रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात पोहोचलंच नाही तर शौच मातीसारखं फिकट होतं. गडद लघवी, फिकट शौच आणि अंगभर खाज हे त्रिकूट दिसलं तर पित्तनलिका कुठेतरी अडली आहे का, हे सोनोग्राफीने तातडीने पाहावं लागतं. खडा असेल तर तो काढता येतो. स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगातही अशीच कावीळ होते, बऱ्याचदा पोट न दुखता. अशा रुग्णाचे घरगुती उपायात गेलेले २१ दिवस पुन्हा मिळत नाहीत.

आजार पुढे गेल्याच्या खुणा

यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की जखमेच्या व्रणासारखे तंतू तयार होतात. हळूहळू मऊ यकृत कडक आणि गाठीगाठीचं होतं. यालाच लिव्हर सिरॉसिस म्हणतात. मग शरीरभर खुणा दिसू लागतात.

पोट आणि पाय. कडक यकृतातून रक्त सहज वाहत नाही, मागे दाब वाढतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिनही कमी होतं. त्यामुळे पोटात पाणी साठतं, म्हणजेच जलोदर होतो. पँट किंवा परकराची नाडी दोन-तीन आठवड्यांत घट्ट होते, पण हात आणि खांदे मात्र वाळत जातात. 'पोट सुटलंय' आणि 'पोटात पाणी झालंय' यांतला फरक इथे आहे: चरबीने पोट वाढायला वर्षं लागतात, पाण्याने आठवडे. घोट्यांवर सूज येते आणि बोटाने दाबलं की खळगा राहतो.

त्वचा. छातीवर, खांद्यांवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल बारीक शिरा दिसतात. तळहात लालसर होतात. पुरुषांमध्ये स्तनांची वाढ होऊ शकते. रक्त गोठवणारी प्रथिनं आणि प्लेटलेट्स कमी झाल्याने किरकोळ धक्क्यानेही निळे-काळे डाग उठतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं.

झोप आणि वागणं. ही खूण घरचेच पकडू शकतात. यकृताने अमोनिया निकामी केला नाही की त्याचा मेंदूवर परिणाम होतो. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो. सही बदलते. शर्टाची बटणं चुकतात. पैसे मोजताना गोंधळ होतो. चिडचिड वाढते. हात पुढे करून पंजे वर ताणून धरायला सांगितलं तर ते फडफडतात. 'वय झालं' किंवा 'प्यायला असेल' म्हणून हे सोडून दिलं जातं आणि बेशुद्ध झाल्यावर धावपळ सुरू होते.

वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा

पुढीलपैकी काहीही झालं तर उद्यावर ढकलू नका. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

- रक्ताची उलटी
- डांबरासारखं काळं, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते सहसा चिकट आणि उग्र वासाचं नसतं)
- काविळीसोबत गोंधळ, असंबद्ध बोलणं किंवा सतत गुंगी
- काविळीसोबत थंडी वाजून ताप आणि पोटात तीव्र दुखणं
- पोटात पाणी असलेल्या रुग्णाला ताप किंवा पोटदुखी
- गरोदर स्त्रीला कावीळ

शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई बहुतेकांमध्ये आपोआप बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. असा भाग असेल किंवा नसेल, गरोदर बाईच्या काविळीवर घरगुती उपचार करायचे नाहीत.

मोबाइलवरचा रिपोर्ट कसा वाचायचा?

'एलएफटी' म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट. त्यातले एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे यकृत किती काम करतं ते सांगत नाहीत, यकृताच्या पेशींना इजा होते आहे का ते सांगतात. सिरॉसिस झालेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी सामान्य असू शकतं, कारण इजा व्हायला पेशीच कमी उरलेल्या असतात. म्हणून 'एसजीपीटी नॉर्मल म्हणजे लिव्हर ठणठणीत' हे खरं नाही.

काम कसं चाललंय हे कळतं ते अल्ब्युमिन, बिलीरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ (पीटी-आयएनआर) यांतून. आणि एक आकडा एलएफटीच्या बाहेर, सीबीसीच्या रिपोर्टमध्ये असतो: प्लेटलेट्स. डेंग्यू नसताना त्या कायम दीड लाखाच्या खाली असतील तर यकृताकडे आणि प्लीहेकडे बघायला हवं.

या आकड्यांवरून 'फिब-४' नावाचा सोपा अंदाज डॉक्टर काढतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ५२, एसजीओटी ५०, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट्स १ लाख ३० हजार. वरची बाजू २६००. खालची १३० गुणिले ७, म्हणजे ९१०. उत्तर २.८६. १.३ च्या खाली असेल तर यकृत कडक झालं असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. म्हणजे 'जरासं वाढलंय' वाटणाऱ्या या रिपोर्टवर फायब्रोस्कॅन आणि तज्ज्ञांचा सल्ला लागतो. ३५ पेक्षा कमी वयात हा अंदाज भरवशाचा नसतो, ६५ नंतर त्याच्या मर्यादा बदलतात आणि तो निदानही नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं, हे त्यावरून कळतं.

सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहिलेलं असलं की दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात: घाबरगुंडी किंवा 'सगळ्यांनाच असतं'. ग्रेड चरबी किती ते सांगते, यकृत किती कडक झालंय ते नाही. त्यासाठी वरच्या तपासण्या.

लक्षण नसतानाही कोणी तपासून घ्यावं?

साखर आणि पोट. टाइप २ मधुमेह, वाढलेलं वजन, जास्त ट्रायग्लिसराइड असलेल्यांना दारूचा थेंब न पिताही फॅटी लिव्हर होतं. भारतीयांमध्ये कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर धोका धरतात. चांगली बातमी अशी की वजनाच्या ७ ते १० टक्के घट झाली तरी यकृतातली चरबी आणि सूज लक्षणीय उतरते. ८० किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो होतात.

दारू. दारूचा बळी म्हटलं की नगरकरांना फेब्रुवारी २०१७ मधलं पांगरमल आठवतं. जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत विषारी दारूने तिथे अनेकांचा जीव घेतला. विषारी दारू काही तासांत मारते म्हणून बातमी होते. सीलबंद बाटलीतली दारू पंधरा-वीस वर्षं घेते, म्हणून बातमी होत नाही. ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं, १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६०. रोज एवढी दारू पिणाऱ्या बहुतेकांचं यकृत चरबीने भरतं. 'भारीतली' आहे म्हणून यकृताला सूट मिळत नाही. मात्र या टप्प्यावर पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांत चरबी उतरू लागते. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने ती एकदम सोडल्यास कंप, भास, झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

हिपॅटायटिस बी आणि सी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. बहुतेकांना त्याची कल्पना नसते. घरात कुणाला बी असेल, पूर्वी रक्त चढवलं असेल, डायलिसिस सुरू असेल, एकच सुई अनेकांना वापरली गेली असेल किंवा असुरक्षित ठिकाणी टॅटू काढला असेल, तर आयुष्यात एकदा तरी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या तपासण्या कराव्यात. सी साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांमध्ये पूर्ण बरा होतो. बी गोळ्यांनी काबूत राहतो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा सामान्य रुग्णालयात त्याची चौकशी करावी. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत बीची लस दिली तर आईकडून होणारा संसर्ग बऱ्याच अंशी टळतो.

माळ, रस आणि गुळवेल

काविळीची माळ मंतरलेली असते आणि कावीळ उतरते तशी ती लांब होते, असा समज आहे. माळेत वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे सैल फासाने गुंफलेले असतात. काड्या वाळून आकसल्या की फास सुटतात आणि दोरा लांबतो. निरोगी माणसाने घातली तरी ती लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर 'कावीळ उतरून' पाणी पिवळं होतं, त्यातही आंब्याच्या सालीचा रस हातांना आधी चोळलेला असतो. तो चुन्याच्या पाण्यात पिवळा होतो.

मग लोक बरे का होतात? कारण हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय माळेला जातं. पण बी असलेला, पित्तनलिकेत खडा असलेला, सिरॉसिस झालेला रुग्णही त्याच रांगेत उभा असतो आणि त्याच्या बाबतीत माळ फक्त वेळ घालवते. नाकात किंवा डोळ्यांत औषध घालणं आणि चटके देणं तर नवी इजा करतं.

ऊसाच्या रसाने यकृत बरं होतं याला आधार नाही. रसवंतीतला बर्फ किंवा पाणी दूषित असेल तर ए आणि ई त्यातूनच पसरतात. मधुमेही रुग्णाची साखर वाढते ते वेगळंच. हळद आणि तेल पूर्ण बंद करून रुग्णाला उकडलेल्या अन्नावर ठेवण्याचीही गरज नसते. सिरॉसिसच्या रुग्णाला तर डाळ, दूध, अंडी यांतून प्रथिनं मिळायलाच हवीत. पोटात पाणी असेल तर मीठ कमी करतात.

'नैसर्गिक म्हणजे सुरक्षित' हा समज मुंबईच्या डॉक्टरांना करोनाकाळात महागात पडलेला दिसला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण त्यांनी नोंदवले. त्यातल्या एका महिलेचा मृत्यू झाला. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नसल्याचं म्हटलं. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांमधल्या ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. वाद काहीही असो, घरासाठी धडा साधा आहे: काढे, चूर्ण, जिमची पावडर, काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि कावीळ दिसताच ते थांबवा.

साध्या गोळीचंही तसंच. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे, पण मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. ६५० च्या सहा गोळ्यांतच ती जवळपास गाठली जाते आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असतं. नियमित दारू पिणाऱ्यांसाठी मर्यादा आणखी खाली येते.

उशिराची किंमत

१४ ऑगस्ट २०१२ ला माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचं चेन्नईत निधन झालं. यकृत आणि मूत्रपिंड, दोन्ही निकामी झाली होती. उत्तमातले उत्तम उपचार उपलब्ध असले तरी शेवटच्या टप्प्यात हातात फार थोडे मार्ग उरतात, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं.

वैद्यकीय अनुभवही हेच सांगतो. सिरॉसिस झाला पण पोटात पाणी, रक्ताची उलटी, गोंधळ यांपैकी काही झालं नाही, अशा टप्प्यातले रुग्ण सरासरी बारा वर्षांहून अधिक जगतात. यांपैकी एखादी गोष्ट झाल्यावर, प्रत्यारोपण न झाल्यास, हा काळ साधारण दोन वर्षांवर येतो.

सावेडीतल्या घरापासून लॅब बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असते. तपासण्या महाग वाटल्या तर सरकारी रुग्णालय आहे. फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट आला की पुढच्या वेळी उपाय सुचवण्याआधी एवढंच विचारा: लघवीचा रंग कसा आहे? वजन उतरलंय का? प्लेटलेट्स किती आहेत? आणि डॉक्टरांना कधी दाखवताय?